हरकतराव आणि सोसायटीचा ड्रोन

आमच्या सासऱ्यांना अख्खी सोसायटी हरकतराव म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या जिन्यात आवाज इतका घुमतो की पाठीमागचं सगळं तोंडावरच ऐकू येतं. बाबांना हे नाव ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. मी त्यांना बाबाच म्हणते, सुनेने आणखी काय म्हणायचं? पण सांगता सांगता माझ्या तोंडून मध्येच हरकतराव निघालं, तर समजून घ्या की तेव्हा माझं डोकं फिरलेलं आहे.

नोकरीत असताना बाबा बांधकामाचे नकाशे तपासणाऱ्या कचेरीत होते. मंजुरी द्यायला वेगळे साहेब होते, बाबांचं काम हरकत काढायचं. खिडकी इंचभर सरकली, हरकत. जिन्याला कठडा दाखवला नाही, हरकत. कठडा दाखवला पण भलत्या रंगाच्या शाईने दाखवला, तरी हरकत. नकाशा नामंजूर मात्र कधी करायचा नाही. नामंजूर केला की माणूस घरी जातो, हरकत काढली की पुन्हा येतो. नियम कडक ठेवावा आणि सवलत आपल्या हातात ठेवावी म्हणजे खुर्चीला मान राहतो, हे बाबा आम्हाला जेवताना समजावतात. त्यांनी आयुष्यात कुणाकडून फुकटचा चहासुद्धा घेतला नाही, हे कबूल करायला हवं. लोकांनी आपल्याला विचारायला यावं, एवढीच त्यांची भूक होती.

निवृत्त झाले आणि ती भूक घरात आली. पंखा कितीवर, चपलांचं तोंड कुणीकडे, वर्तमानपत्राची घडी आधी कुणी मोडली, सगळ्यावर हरकत. पण सगळ्यात जास्त चौकशी आईंची. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या स्वयंपाकघरात गेल्या की बाहेरून हाक, "अगं, काय करतेस?" बाल्कनीत गेल्या की, "अगं, कुठे आहेस?" न्हाणीघरात गेल्या तरी दारावर टकटक. आता दाराला आतून कडी आहे, नळ वाहतोय, घरातली बाकीची माणसं डोळ्यांसमोर बसली आहेत, मग आत दुसरं कोण असणार? पण नाही, आईंनी आतून ओ दिल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही. त्यात प्रेम आहे हो, मी नाही म्हणत नाही. बाबांनी आईंवर कधी आवाज चढवला नाही. फक्त त्यांना कधी एकटं सोडलं नाही.

मी मागच्या खोलीत पडदे शिवते. पडद्याचं कापड शिवायच्या आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा आटतो आणि खिडकीखालची भिंत दिसायला लागते. ती ओली कापडं मी गच्चीवर टाकते. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एकदा भर दुपारी बादली घेऊन वर गेले, तर पाण्याच्या टाक्यांच्या मागे, सावलीत, आई बसलेल्या. एक हात मोडलेली प्लास्टिकची खुर्ची, केस मोकळे, पाय समोरच्या पाइपावर टाकलेले आणि डोळे मिटलेले. माझी चाहूल लागली तशा डोळे न उघडताच म्हणाल्या, "बसायचं तर बस. पण बोलू नकोस."

मी बसले नाही. कापडं टाकली आणि खाली आले. हळूहळू लक्षात आलं की बाबांचा दुपारचा डोळा लागला की आई अनवाणी वर जातात, आवाज नको म्हणून चपला दारातच ठेवून. फोन उशीखाली ठेवतात. बाबा उठायच्या आत केस बांधून खाली आलेल्या असतात. वर काय करतात म्हणाल तर काहीही नाही. वाचत नाहीत, विणत नाहीत, झोपतसुद्धा नाहीत. दिवसभरात कुणी हाक मारणार नाही अशी तेवढी एकच जागा त्यांना होती, आणि तिच्यावर त्यांचा दिवस निघत होता. बाबा कधी लवकर उठलेच तर मी मशीनवरून ओरडून सांगायचे, आई औषधाच्या दुकानात गेल्यात, आत्ता येतील. यावर आमच्या दोघींत कधी चकार शब्द झाला नाही. पण ती जागा कुणाला कळता कामा नये, हे दोघींनाही पक्कं माहीत होतं.

आणि मग फोटोवाल्याने ड्रोन आणला.

फोटोवाला आमच्या इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहतो. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत संसार. हल्ली लग्नाची गिऱ्हाइकं वरून काढलेलं चित्रीकरण मागतात आणि ते नसलं तर उठून दुसरीकडे जातात, म्हणून त्याने पोटाला चिमटा काढून ते यंत्र घेतलं. सरावासाठी आवारात उडवलं. भुंग्यासारखा आवाज करत ते वर गेलं, इमारतीभोवती एक फेरी मारून खाली आलं. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर. बघताना सगळे खूश होते, मी स्वतः पाहिलंय. चहाची वेळ झाली आणि मग सगळ्यांना आपापली मतं फुटली.

सोसायटीच्या ग्रुपवर नुसता ऊत आला. पहिल्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, हा प्रकार म्हणजे थेट आमच्या घरात डोकावणं. त्यांच्या घरात डोकावायला ड्रोन कशाला हवा? दार सताड उघडं टाकून, बनियनवर बसून, फोन स्पीकरवर ठेवून ते साऱ्या जगाशी बोलतात. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन मला टाक्यांसकट पाठ आहे. शिकवणीवाल्या बाईंनी लिहिलं की खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे. त्याच्या थोडं वरच त्यांनी स्वतःचे सकाळी उठल्यापासूनचे फोटो टाकले होते, त्यात एक दात घासतानाचा. आमच्या अध्यक्षांच्या दाराबाहेर तीन कॅमेरे आहेत आणि त्यातला एक शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून आहे. त्यांचं मत पडलं की असल्या नजर ठेवणाऱ्या वस्तूंवर सरसकट बंदी हवी. कॅमेऱ्याचं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले तो सुरक्षेसाठी आहे. एका गृहस्थांनी ड्रोनला परवाना सक्तीचा करा म्हणून भलामोठा निबंध लिहिला. हे गृहस्थ इतकी वर्षं स्कूटर बिनपरवान्याची चालवतात.

मला पडद्यांची कामं मात्र धो धो आली. जाड कापड, दुहेरी अस्तर, फट नको. एकांची खिडकी समोरच्या भिंतीला हात लागेल इतकी जवळ उघडते, तिथून पालसुद्धा आत डोकावायला तयार होणार नाही, तरी त्यांनीही मापं द्यायला बोलावलं. मी कशाला नको म्हणू?

पण ड्रोन उडाला त्याच संध्याकाळी आई माझ्या खोलीत आल्या, उगाच कापडाच्या ताग्यांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "त्या यंत्राला खालचं किती दिसतं गं?" मी म्हणाले, "आई, सगळं दिसतं." त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर गेल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. दुपारी बाबा घोरत असताना त्या पलंगाच्या कडेला नुसत्या बसून राहायच्या, पायात चपला घालून. एकदा दूध उतू गेलं, एकदा माझ्या नवऱ्यावर विनाकारण ओरडल्या. त्याला काहीच कळेना, तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला सांगण्यात अर्थ नव्हता, त्याच्या पोटात काही राहत नाही. मला वाईट वाटत होतं आणि राग येत होता. त्या फोटोवाल्याचा राग येत होता, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

अशा वेळी हरकतराव मैदानात उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या बाजूने होते.

बाबांचं म्हणणं, नुसत्या ग्रुपवरच्या गप्पांनी नियम होत नाहीत, आधी जनमत घ्यावं लागतं. मग ते इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाइल धरून दारोदार निघाले. ड्रोन असावा की नसावा, असल्यास कुणाकडे असावा, उडवल्यास किती उंच उडवावा. बेल वाजवायची, पाणी नको म्हणायचं, प्रश्न विचारायचा आणि उत्तर देणाऱ्याला उत्तर सुधारून द्यायचं. लोकांची मतं ऐकून मी चाट पडले. ज्याच्याकडे ड्रोन नाही त्याला बंदी हवी होती. ज्याचा मुलगा ड्रोन मागत होता त्याला बंदी हवी होती, पण मुलांसाठी सूट हवी होती. वरच्या मजल्यावरच्यांना वाटत होतं खालच्यांवर बंदी असावी, कारण खालचे वर बघतात. खालच्यांना वाटत होतं वरच्यांवर असावी, कारण वरचे आधीच बघतात. कुणालाच आपल्या स्वतःवर नियम नको होता. बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, नियमाचं हेच तर सौंदर्य आहे.

मी त्यांना न मागता चहा दिला. त्यांच्या प्रश्नांची स्वच्छ प्रत करून दिली. बंदी सरसकट हवी, मुळीच पळवाट नको, असं मी तावातावाने बोलले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, सूनबाई, या घरात नागरिकशास्त्र फक्त तुला कळतं.

मग सोसायटीची सभा झाली. आई सभांना येत नाहीत. सभा लांबली की त्यांना घर मोकळं मिळतं. मी मात्र पुढच्या रांगेत बसले. बाबांनी सरसकट बंदीचा ठराव वाचला, टाळ्या पडल्या. फोटोवाला मागे उभा होता. भाडेकरू असल्यामुळे त्याला मत नव्हतं. सगळ्या इमारतींत मिळून ड्रोन ज्या एकाच माणसाकडे होता, त्या एकाच माणसाला ड्रोनबद्दल हात वर करता येत नव्हता. तो एवढंच म्हणाला, माझं पोट त्यावर आहे. सगळ्यांना वाईट वाटलं. हात कुणी वर केला नाही.

ठराव मंजूर होणार एवढ्यात विमावाल्यांना आठवलं की त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय. तेव्हा कौटुंबिक कार्याला सूट असावी. सूट मिळाली. अध्यक्षांना बाहेरच्या भिंतींच्या भेगा आणि टाक्यांची झाकणं बघायची होती. सूट मिळाली. शिकवणीवाल्या बाईंना मुलांच्या खेळांचं चित्रीकरण हवं होतं. सूट मिळाली. कुणीतरी विचारलं, बाहेरचा चोरटा ड्रोन आला तर तो पकडायला वर जाणार कोण? त्यासाठी आपला ड्रोन हवाच. तीही सूट मिळाली. तासाभरात सरसकट बंदी जशीच्या तशी उभी होती आणि तिच्यातून फोटोवाला सोडून सगळे आरपार जाऊ शकत होते. मग फोटोवाल्याचा ड्रोन ठेवायचा कुठे? सोसायटीच्या कचेरीतल्या कपाटात. किल्ली कुणाकडे? ड्रोन समितीच्या प्रमुखांकडे. प्रमुख कोण, हे मी सांगायला नको. सोसायटीच्या कामाला फोटोवाल्याने तो उडवून द्यायचा, स्वतःच्या कामाला न्यायचा तर आधी अर्ज करायचा.

शिकवणीवाल्या बाई हुशार. त्यांनी विचारलं, समितीच लोकांच्या घरात डोकावायला लागली तर? बाबा उठले, चष्मा पुसला. ही हरकत त्यांनी आधीच स्वतःवर काढून ठेवलेली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"ड्रोन जेव्हा जेव्हा उडेल, तेव्हा त्याला दिसणारं चित्र त्याच क्षणी सोसायटीच्या ग्रुपवर दिसेल," ते म्हणाले. "एकट्याने बघितलं तर ते डोकावणं. सगळ्यांनी मिळून बघितलं की ती पारदर्शकता."

असा टाळ्यांचा कडकडाट आमच्या सभागृहाने कधी ऐकला नव्हता. मीही वाजवल्या. माझा हिशेब सरळ होता. ड्रोन कपाटात, किल्ली बाबांकडे आणि दुपारी बाबा झोपलेले. म्हणजे दुपारी आकाश मोकळं. माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन आईंना सांगितलं, तर त्या नुसत्या बरं झालं म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या चपला दारात दिसल्या आणि आई घरात नव्हत्या. त्या आठवड्यात दूध उतू गेलं नाही.

फोटोवाल्याचे हाल कुत्रा खाईना. प्रत्येक लग्नाला अर्ज, प्रत्येक अर्जावर हरकत. तारीख आकड्यात लिहिली, अक्षरात हवी. अक्षरात लिहिली, नवऱ्या मुलाचं नाव राहिलं. त्याची दोन गिऱ्हाइकं त्यात निसटली. त्याची बायको जिन्यात भेटली की माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचं काही चुकलं नाही.

आणि मग तो दिवस आला. मी शेजारच्या इमारतीत पडद्याच्या दांड्या बसवायला गेले होते. भिंतीत ड्रिल चाललेलं, कानात दडे बसलेले. इकडे बाबांच्या पायात पेटका आला आणि ते अवेळी उठले. हाक मारली, ओ नाही. स्वयंपाकघर, बाल्कनी, न्हाणीघर बघितलं. आईंना फोन लावला, तो उशीखाली वाजला. दारात येऊन बघतात तर चपला तिथेच. बाईमाणूस चपला न घालता, फोन न घेता जाणार कुठे? बाबांची पाचावर धारण बसली. मला फोन केले, मला ऐकूच आले नाहीत. मग ते जिन्यात येऊन ओरडले आणि सोसायटी जमली.

जमलेल्या माणसांनी धीर द्यायचा असतो. यांनी मतं दिली. विमावाले म्हणाले, या वयात विसरायला होतं, माणसं अनवाणी निघून जातात आणि घराचा पत्ता सांगता येत नाही. त्यांच्या ओळखीत असं झालं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. कुणीतरी गच्चीच्या दारापर्यंत जाऊन आलं आणि वर कुणी नाही म्हणून सांगितलं. टाक्यांच्या मागे जाण्याचे कष्ट कोण घेणार? खोटं कशाला बोलू, त्या वेळी बाबा खरोखर घाबरलेले होते. आई सापडल्या नाहीत तर आपलं काय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, असं फोटोवाल्याने मला नंतर सांगितलं.

ड्रोन काढा, असं कोण म्हणालं ते आता कुणी कबूल करत नाही. बाबांनी कपाट उघडलं. पण त्याआधी ते खुर्चीवर बसले, कोरा कागद घेतला आणि समास आखला. बायको हरवलेली, आणि हरकतराव समास आखतायत! मग स्वतःच स्वतःला अर्ज लिहिला, कारण अत्यावश्यक, आणि त्याखाली स्वतःच मंजुरी दिली.

फोटोवाला शहाणा माणूस. लग्नघरांत हिंडून त्याने बरंच पाहिलेलं आहे. यंत्र हातात घेऊन तो बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, ग्रुपवर नको. आधी आपण दोघंच बघू. काकू कुठे, कशा असतील, काय सांगता येतं?"

बाबा म्हणाले, "नियम म्हणजे नियम. माझ्या बायकोसाठी मोडला असं उद्या कुणी म्हणायला नको."

ड्रिल थांबलं तेव्हा माझा फोन नुसता टणटणत होता. शिडीवर उभ्या उभ्या उघडला. ज्यांच्याकडे काम चाललं होतं त्या बाईंनीही खाली आपला उघडला होता, चहाचा कप हातात घेऊन. आधी आवार दिसलं, मग गाड्या, फाटक, बाहेरचा रस्ता. मग चित्र वळलं आणि आमच्या इमारतीच्या भिंतीवरून वर वर सरकायला लागलं. मी फोटोवाल्याला फोन लावायला गेले, तर बोटं भलतीकडेच पडायला लागली. तोवर टाक्या दिसल्या.

आई बसलेल्या होत्या. केस मोकळे, पाय पाइपावर, मान मागे टाकलेली. आवाज जवळ आला तसे त्यांनी डोळे उघडले आणि वर बघितलं. म्हणजे आम्हा सगळ्यांकडे बघितलं, विमावाल्यांकडे, अध्यक्षांकडे, दात घासणाऱ्या बाईंकडे आणि माझ्याकडे. तोंड झाकलं नाही, लगबग केली नाही. पाय खाली घेतले. दोन्ही हातांनी केस गोळा करून बांधले. उठल्या, आणि मग ती मोडकी खुर्ची उचलून रोजच्यासारखी टाकीमागच्या कोपऱ्यात लपवून ठेवली. अख्खी सोसायटी बघत असताना त्यांनी ती खुर्ची लपवली. माझ्याच्याने पुढे बघवलं नाही.

त्या खाली आल्या तेव्हा बाबा सगळ्यांदेखत रडले. हात धरून म्हणाले, हरवलीस असं वाटलं गं. आई म्हणाल्या, मी वरच होते. बाबांनी विचारलं, पण वर कशाला, घरात काय कमी आहे? आई हात सोडवून घरात गेल्या.

ग्रुपवर आधी देवाचे आभार मानले गेले, मग फोटोवाल्याचे, मग बाबांच्या दूरदृष्टीचे. आणि मग खरा प्रश्न आला, की त्या तिथे करत काय होत्या? काही नाही, यावर कुणाचा विश्वास बसेना. रडत असत्या तर लोकांना समजलं असतं. चोरून सिगारेट ओढत असत्या तर त्याहून बरं समजलं असतं, दोन दिवस चघळून सोडूनही दिलं असतं. पण धडधाकट बाई, घर असताना, नवरा असताना, एकटी बसते आणि काही करत नाही, हे कुणाला पचेना. ते चित्रीकरण लोकांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. कुणी डोक्याच्या डॉक्टरचा नंबर पाठवला. कुणी लिहिलं की आमची हीसुद्धा हल्ली गप्प असते, लक्ष ठेवायला हवं.

पुढच्या सभेत ड्रोनच्या बाजूने सगळे हात वर गेले. तेच हात होते. फोटोवाल्याचा सत्कार झाला, त्याला सत्कारात देतात तसलं भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं आणि ड्रोन पुन्हा कपाटात गेला. सुरक्षेसाठी गच्चीला कुलूप लागलं. किल्ली समितीच्या प्रमुखांकडे.

बाबा काही दुष्ट नाहीत. ते बाजारात गेले आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन आले, गादीच्या. म्हणाले, तुला वर बसायला आवडतं हे आधी सांगायचंस, आता रोज दोघं जाऊ. दुपारची झोप त्यांनी सोडली. मी कापडं टाकायला गेले की दिसायचं, बाबा हातवारे करून ड्रोनसंबंधीचं पोटकलम समजावतायत आणि आई केस घट्ट बांधून समोर बसल्यात. आठ-दहा दिवसांनी आई गुडघे दुखतात म्हणाल्या आणि जाणं बंद झालं. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.

परवा दुपारी बाबा टेबलावर कागद पसरून बसले होते. आपल्या सोसायटीचा नियम साऱ्या शहराला नमुना म्हणून पाठवायचा त्यांच्या मनात आहे. त्यासाठी त्यांनी पुन्हा घरोघर जाऊन जनमत घेतलं होतं. आई त्यांच्याच बाजूला बसून वाटाणे सोलत होत्या. मी माझ्या खोलीत मशीनवर होते, दार उघडं. बाबा अभिमानाने म्हणाले, "एकही माणूस सोडला नाही. प्रत्येकाचं मत घेतलं."

माझं टाळकं सटकलं. मी तिथूनच म्हणाले, "बाबा, एका माणसाचं राहिलं."

बाबांचा चेहरा पडला. त्यांच्या कामात चूक काढलेली त्यांना सहन होत नाही. चष्मा लावला, कागद उलटसुलट केले, मजले मोजले. मग शेजारी वळून त्यांनी विचारलं, "अगं, तुला आठवतंय का? कोण राहिलं असेल?"

आईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "जाऊन बघा ना. सगळ्या इमारतींत एकदा विचारून या. सावकाश या."

बाबांना ते पटलं. त्यांनी शर्ट बदलला, फाइल बगलेत मारली आणि निघाले. आईंनी दाराची कडी आतून लावली. मी मशीन बंद केलं. बाबांना परत यायला चांगला तासभर लागला.